टाच आली!

आमच्या दारावर ‘गेट लॅब’ अशी पाटी होती. कुरिअरवाला दर आठवड्याला विचारायचा, "कुठल्या गेटची?" गेट म्हणजे फाटक नव्हे, माणसाची चाल, हे त्याला समजावण्यापेक्षा ‘मागच्या’ म्हणून मोकळं होणं सोपं पडायचं. पुण्यातल्या त्या लांबट खोलीत मी धावण्यावर एक लेख लिहायला म्हणून गेलो आणि चार वर्षं लोकांच्या गुडघ्यांवर कॅमेऱ्यांसाठीच्या चमकत्या गोळ्या चिकटवत राहिलो. तो लेख अजून व्हायचाय. हा त्यात न बसणारा माल.

जाहीर गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. टाचेवर आदळलात तर गुडघे जातात. चवड्यावर उतरलात तर आदिमानवासारखे जन्मभर बागडता. पंधरा वर्षांपूर्वी ही वार्ता तळजाईवर पहाटे पाचला भेटणारा प्रत्येक जण सांगत होता, आणि सांगताना धापही टाकत होता.

लॅबमध्ये हिंजवडीचे एक गृहस्थ आले. आल्या आल्या त्यांनी चवड्याच्या महतीवर अर्धा तास आमचीच शिकवणी घेतली. ट्रेडमिल सुरू झाल्यावर ते असे काही टपटप पावलं टाकत धावले की भरतनाट्यमची आठवण व्हावी. लॅब चालवणाऱ्या मॅडमनी ते सगळं मन लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. आता रेकॉर्डिंग झालं. दोन मिनिटं सावकाश पळा, दमला असाल." कॅमेरे अर्थातच चालू होते. चाळिसाव्या सेकंदाला गृहस्थांची टाच पट्ट्यावर जी टेकली, ती शेवटपर्यंत हटली नाही. आम्ही अहवालात तीच दोन मिनिटं धरली. (परवानगीच्या कागदावर हे लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात, पण असतं.)

कॅमेऱ्यापेक्षा फोर्स प्लेटचं प्रकरण अवघड. ही जमिनीत बसवलेली पाटी; तिच्यावर पाय पडला की शरीराने जमीन किती दाबली ते कळतं. पण पाटी दिसली की माणूस ती चुकू नये म्हणून आधीची दोन पावलं तोकडी किंवा लांब टाकतो, आणि मग मोजमाप त्याच्या चालीचं न राहता त्याच्या नेमबाजीचं होतं. म्हणून आम्ही पाटीवर जमिनीच्याच रंगाची चटई पसरली. तेव्हापासून लोक चटईच्या कडेला अडखळू नये म्हणून उडी मारायला लागले.

या सगळ्या यंत्रांच्या बाहेर, दारापाशी स्टुलावर, मामा बसायचे. लॅबचे शिपाई. घामाने सुटलेल्या गोळ्या शोधून आणणं आणि ट्रेडमिल पुसणं हे त्यांचं अधिकृत काम. पण पडद्यापलीकडून नुसत्या आवाजावर ते सांगायचे, "टाच," किंवा "चवडा." टाच ठाक करते, चवडा फक् करतो, एवढंच त्यांचं शास्त्र. एकदा पैज लागली. नऊ जण त्यांनी अचूक ओळखले. दहाव्याला बराच वेळ ऐकून म्हणाले, "दोन माणसं पळतायत." आम्ही हसलो. रेकॉर्डिंग सावकाश चालवून पाहिलं तर पठ्ठ्या डाव्या पायाने टाचेवर पडत होता आणि उजव्या पायाने चवड्यावर.

आता एक कबुली, जी अशा लॅबा सहसा मोठ्याने देत नाहीत. सांध्यावरचा भार आम्हाला दिसत नाही. दिसतो तो पाय, आणि मोजला जातो तो जमिनीवरचा दाब. त्यावरून गुडघ्यात काय चाललं असेल त्याचं गणित मांडायचं. घराबाहेरच्या चपला मोजून आत किती पाहुणे आहेत ते सांगण्यासारखंच हे. अंदाज बरा येतो, पण शेवटी अंदाजच.

आत शिरून मोजणारेही महाभाग होऊन गेले. फिनलंडच्या पावो कोमी यांनी टाचेमागच्या जाड शिरेभोवती, म्हणजे अकिलीजभोवती, चक्क एक छोटं बकल बसवलं. जागा बधिर करून, कातडी उघडून. आणि मग त्या माणसांना धावायला लावलं. जोरात धावताना त्या शिरेवरचा ताण शरीराच्या वजनाच्या साडेबारा पट भरला. हा आकडा धावण्याच्या प्रत्येक पुस्तकात येतो. पायात बकल घालून धावायला हो म्हणणाऱ्यांचा उल्लेख मात्र कोणी करत नाही.

बर्लिनच्या गेऑर्ग बर्गमान यांनी दुसरी वाट काढली. खुब्याचा सांधा बदलायचाच आहे, तर कृत्रिम सांध्यातच मोजयंत्र आणि बिनतारी प्रक्षेपक बसवू. १९९३ साली त्यांनी अशा दोन रुग्णांचे आकडे छापले. सावकाश चालताना खुब्यावर वजनाच्या पावणेतीन पट भार, भरभर चालताना पावणेपाच पट, हळू धावताना साडेपाच पट. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण त्या मोजणीतला सगळ्यात मोठा आकडा कुठल्याच आराखड्यात नव्हता. मोजणी चालू असताना दोन्ही रुग्ण कधीतरी अडखळले, आणि खुब्याने नोंदवलं: एकाचा सात पटींच्या वर, दुसऱ्याचा साडेआठ पटींच्या वर. धावण्याच्या शैलीवरून भांडणाऱ्यांना मी हे ऐकवतो. पुण्यातला फुटपाथ त्यांना आपोआप आठवतो.

आता डुकराकडे वळू. माणूस धावण्यासाठीच घडलाय, हा जो सिद्धान्त पुढे जगभर गाजला, त्याच्या मुळाशी एक डुक्कर आहे. नव्वदच्या दशकात डॅनियल लीबरमन नावाचा तरुण संशोधक हार्वर्डला डुकरांना ट्रेडमिलवर पळवत होता. युटाहचे डेनिस ब्रॅम्बल तिथे डोकावले आणि त्यांनी एक भलतीच गोष्ट टिपली: धावताना डुकराचं डोकं स्थिर राहत नाही. कुत्रा, घोडा यांचं राहतं, कारण त्यांच्या मानेमागे ते धरून ठेवणारा एक पट्टा असतो. डुकराला तो नाही. माणसाला आहे, चिंपांझीला नाही. त्यातून निघालेला निबंध २००४ मध्ये ‘नेचर’ने मुखपृष्ठावर मिरवला. त्यावर पुढे पुस्तकं निघाली, बूट निघाले, पंथ निघाले. डुकराचं नाव श्रेयनामावलीत नाही.

पंथाला दैवत लागतंच. ते आयतं मिळालं: अबेबे बिकिला. १९६० चं रोम, मॅरेथॉन, अनवाणी पाय, सुवर्णपदक, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांचा विश्वविक्रम. पोस्टरवर एवढंच असतं. पोस्टरमागची गोष्ट बुटांच्या दुकानातली आहे. त्यांचे जुने बूट झिजले होते. रोममध्ये घेतलेले नवे चावले, फोड आले. सरावात अनवाणी धावण्याची सवय होती, म्हणून मग तसेच उतरले. तत्त्वज्ञान नंतर लोकांनी चिकटवलं. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी परत मॅरेथॉन जिंकली, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडेही उलटले नव्हते तेव्हा. वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी सरस, पुन्हा विश्वविक्रम. पायात बूट आणि मोजे होते. हे पोस्टर कोणी छापत नाही.

(आपल्याकडेही हेच. सावरपाड्याच्या कविता राऊत सुरुवातीला अनवाणी धावल्या याचं केवढं काव्य झालं! नाशिकच्या डोंगरात त्या वयात बूट होते कुठे, हा प्रश्न काव्यात बसत नाही.)

२०१० च्या जानेवारीत लीबरमन पुन्हा ‘नेचर’मध्ये अवतरले. या वेळी विषय टाच. अनवाणी वाढलेले धावपटू बहुतेक चवड्यावर किंवा सपाट तळव्यावर उतरतात, आणि टाच आपटताना जो पहिला तीक्ष्ण दणका बसतो तो त्यांच्यात जवळपास नसतो, असं त्यात होतं. दणका कमी म्हणजे दुखापत कमी, हे त्यात नव्हतं; उलट ते तपासायचं बाकी आहे असं लेखकांनी स्वतः सांगितलं होतं. पण तोवर आदल्याच वर्षी क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ आलेलं, मेक्सिकोच्या दऱ्यांतले ताराहुमारा साध्या वहाणांवर डोंगर पालथे घालताना लाखोंनी वाचलेले. लोकांनी निबंधाचं शीर्षक वाचलं आणि घरातले बूट भंगारात दिले. संशोधनाच्या खर्चाला हातमोज्यासारखे बोटांचे बूट विकणाऱ्या कंपनीचाही हातभार होता. निबंधात तशी नोंद आहे, उघड, लपवाछपवी काही नाही. अडचण एवढीच की निबंधाच्या शेवटपर्यंत कोण जातं?

तीनच वर्षांनी, २०१३ मध्ये, केविन हटाला आणि मंडळींनी उत्तर केनियातल्या दासानाच लोकांना धावायला लावलं. जन्मभर अनवाणी. म्हणजे सिद्धान्ताची सोन्यासारखी साक्ष. आपापल्या आवडीच्या, लांब पल्ल्याच्या वेगाने धावताना त्यांच्यातली बहात्तर टक्के पावलं टाचेवर पडली. वेग वाढवला तसे ते चवड्याकडे सरकले. थोडक्यात, आमच्या हिंजवडीच्या गृहस्थांसारखेच निघाले.

बोटांच्या बुटांचं पुढे काय झालं, हे सांगताना आमच्या मॅडमना भारी आनंद व्हायचा. एका इटालियन विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघालेले हे बूट बोटीच्या ओल्या डेकवर घसरू नये म्हणूनही विकले गेले होते; धावणाऱ्यांनी ते पळवले. मग कंपनीनेही पाय बळकट होतात, दुखापती टळतात, असं सांगायला सुरुवात केली. २०१२ मध्ये अमेरिकेत दावा उभा राहिला: याला पुरावा काय? २०१४ मध्ये व्हिब्रम कंपनीने चूक मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलर बाजूला काढले. जोडीमागे चौऱ्याण्णव डॉलरपर्यंत परत मिळतील अशी बातमी फिरली. इतक्या लोकांनी हात वर केले की प्रत्यक्षात जोडीमागे साधारण साडेआठ डॉलर आले. टाच टाळायला निघालेल्या कंपनीवरच टाच आली, हा मॅडमचा ठरलेला विनोद. कोर्टाने जप्ती कधीच काढली नव्हती, पण विनोदासाठी चालून जायचं.

त्यांचा दुसरा विनोद मात्र विनोद नव्हता. "भार कधी रिटायर होत नाही रे," त्या म्हणायच्या, "बदलीवर जातो."

हे नीट समजायला पाय जवळून बघावा लागतो. टाचेवर उतरणाऱ्याचा पाय अंगाच्या बराच पुढे पडतो, गुडघा जवळपास ताठ असतो. मग सगळं वजन अंगावर घेत गुडघा वाकतो, मांडीचा स्नायू त्याला आवरून धरतो, आणि त्या ओढाताणीत गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. जिना उतरताना वाटीच्या मागे जे ठसठसतं ना, तेच दुखणं. चवड्यावर उतरलं की हे काम घोट्याकडे जातं. टाच अधांतरी राहते, पोटरी तिला झेलते, आणि अकिलीज रबरासारखी ताणली जाते. वाटीवरचा दाब खरोखर कमी होतो, हे मोजून झालंय. अकिलीजवरचा ताण खरोखर वाढतो, हेही त्याच मोजणीत दिसलंय. वाटीला सुटका मिळाल्याची बातमी पेपरात येते. पोटरीच्या हातात आलेला बदलीचा हुकूम फाइलीत राहतो.

युटाहच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो हुकूम एमआरआयमध्ये दिसला. छत्तीस धावपटू, त्यातल्या एकोणीस जणांना दहा आठवड्यांत हळूहळू बोटांच्या बुटांवर आणायचं, बाकीच्यांनी आपले नेहमीचे बूट घालायचे. आधी आणि नंतर पावलांच्या हाडांचे फोटो. एकोणिसांपैकी दहा जणांच्या हाडांत सूज वाढलेली सापडली. सगळे काळजीपूर्वक, सांगितलेल्या मात्रेतच धावले होते असं म्हणतात. मी धावपटूंमध्ये राहिलो आहे. ‘सांगितलेल्या मात्रेत’ या शब्दांवर मी थोडं हसून घेतो.

कारण मी स्वतः सांगितलेल्या मात्रेत धावलो नव्हतो. गुडघा कुरकुरत होता, लॅब फुकट होती, आणि मॅडम आठवडाभर गावाला गेल्या होत्या. त्यांनी जाताना बजावलं होतं: रोज दोन मिनिटं चवड्यावर, बाकी नेहमीसारखं. मी पहिल्याच दिवशी वेताळ टेकडीवर सहा किलोमीटर केले. गुडघा? गप्प. मी उतरताना मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि दोन्ही पोटऱ्यांनी असा काही ताठा धरला की न्हाणीघरापर्यंत मी भिंत धरून गेलो. आईने विचारलं, "पडलास का रे?" मी म्हटलं, "नाही, सुधारलो."

हे माझ्या एकट्याचं नव्हतं. त्या काळात एका मोठ्या मॅरेथॉनच्या अंतिम रेषेपलीकडच्या तंबूत मी मदतनीस असायचो. काम: बर्फाच्या पिशव्या पुरवणं. आकडे कोणी ठेवले नाहीत, पण पिशवी कुठे ठेवली जाते ते हातांना कळतं. पहिल्या वर्षी लोक खुर्चीत बसायचे आणि पिशवी गुडघ्यावर घ्यायचे. तिसऱ्या वर्षी आम्हाला जमिनीवर सतरंज्या वाढवाव्या लागल्या, कारण लोक पालथे झोपत होते. पोटरीवर बर्फ ठेवायचा तर दुसरा इलाज नाही.

दोन पंथांचं खरं युद्ध मी साताऱ्याला पाहिलं. तिथली अर्धमॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात चढते आणि त्याच वाटेने खाली येते. आमच्या गटातला एक कट्टर टाचवाला, दुसरा कट्टर चवडेवाला. वर्षभर व्हॉट्सॲपवर एकमेकांना निबंध पाठवून झाले होते. चढावर चवडेवाला मिजाशीत पुढे गेला. चढावर बहुतेक सगळेच आपोआप चवड्याकडे झुकतात, पण हे त्याला कोण सांगणार? उतारावर मी वळणावर कॅमेरा घेऊन उभा होतो. फोटोत दोघांच्याही टाचा रस्त्यात रुतलेल्या, दोघांचेही गुडघे ब्रेक मारत आलेले. कोण जिंकलं हे सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर दोघंही कठडा धरून पायऱ्या पाठमोरे उतरत होते.

मोठ्यांच्या टाचा कोणी पाहिल्या नाहीत असं नाही. २००४ साली जपानमध्ये साप्पोरोच्या अर्धमॅरेथॉनला पंधराव्या किलोमीटरवर कॅमेरा लावून बसलेल्या संशोधकांना दोनशे त्र्याऐंशी तरबेज धावपटूंपैकी पंचाहत्तर टक्के टाचेवर सापडले. २०१७ च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉनवाल्या बहुसंख्यांचं तेच. हे निबंध कोणाच्या भिंतीवर लागत नाहीत. ‘तुम्ही करताय ते ठीक आहे’ या मथळ्यावर बूट विकत नाहीत.

बूट विकले जात नाहीत तेव्हा घड्याळं विकली जातात. त्याची कथा १८० या आकड्याची. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक. जॅक डॅनियल्स हे प्रशिक्षक आणि त्यांच्या पत्नी स्टेडियममध्ये बसून धावपटूंची पावलं मोजत होते. नवरा-बायको, प्रेक्षक, हाताने मोजणी. शेहेचाळीस धावपटूंपैकी एकच जण मिनिटाला १८० पावलांच्या खाली होता. तिथून १८० ही देववाणी झाली. आज टेकडीवरची निम्मी मनगटं त्या आकड्यावर बीप करतात. यातली गंमत अशी, की ते ऑलिंपिकचे धावपटू होते, आणि ते स्पर्धेच्या वेगाने धावत होते. त्याच लोकांना सकाळी गप्पा मारत पळताना कोणी मोजलं नव्हतं. आमच्याकडे सहा फूट उंचीचे एक निवृत्त कर्नल १८० गाठायच्या हट्टाने आठ मिनिटांच्या वेगात असे काही तुरुतुरु धावायचे की मामा पडद्याआडून म्हणाले, "शिलाई मशीन."

पण गंमत बाजूला. पावलं थोडी आखूड करणं ही या सगळ्या भानगडीतली त्यातल्या त्यात प्रामाणिक युक्ती निघाली. विस्कॉन्सिनच्या ब्रायन हायडरशाइट यांनी २०११ मध्ये दाखवलं, की वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तर पाय अंगाखाली पडतो आणि गुडघ्याला गिळावी लागणारी ऊर्जा बरीच उतरते. त्यांच्याच गटाने पुढे मांडलेल्या हिशेबात, दहा टक्के जास्त पावलांमागे वाटीवरचा कमाल दाब चौदा टक्क्यांनी घसरला. टाच तीच, बूट तेच, फक्त ढांग आखूड. मॅडम नवीन माणसाला हाच एक उपाय आधी द्यायच्या. "मग एका मैलात पावलं जास्त झाली की!" असं एका सीएने ताबडतोब पकडलं. झाली. हप्ते लहान, पण संख्येने जास्त. त्याने तिथेच मोबाइलवर हिशेब केला, मान हलवली, म्हणाला, "तरी व्याज वाचतंय."

किंचित पुढे झुकण्याचंही तसंच आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असं दिसलं की धड थोडं पुढे कललं की वाटीवरचा दाब हलका होतो. काम खुब्याकडे, म्हणजे शरीरातल्या सगळ्यात दांडग्या स्नायूंकडे जातं. आम्ही ही सूचना देणं लवकरच बंद केलं. ‘किंचित झुका’ म्हटलं की पुणेकर कमरेत वाकून पडलेलं नाणं शोधत असल्यासारखा धावतो.

शिकवण्याची सगळ्यात सुरेख तऱ्हा अमेरिकेतल्या आयरीन डेव्हिस यांची. धावणाऱ्याच्या नडगीवर एक छोटा त्वरणमापक बांधायचा, समोर पडद्यावर त्याची रेघ दाखवायची, आणि सांगायचं एवढंच: रेघ या खुणेच्या खाली ठेव. कसं ते तुझं तू बघ. २०११ च्या निबंधातल्या दहा जणांनी दोन आठवड्यांत नडगीवरचा धक्का जवळपास निम्म्यावर आणला. हाँगकाँगमध्ये याच धर्तीवर तीनशे वीस नवशिक्यांवर मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. वर्षभरात न शिकवलेल्यांपैकी अडतीस टक्के जखमी, शिकवलेल्यांपैकी सोळा. आम्ही लॅबमध्ये चहा मागवला. मॅडमनी चहा येईपर्यंत पुढचा तक्ता वाचला. न शिकवलेल्यांचे तळवे आणि गुडघे दुखले होते. शिकवलेल्यांपैकी जे दुखावले, त्यांच्या अकिलीज आणि पोटऱ्या. "बदली," मॅडम म्हणाल्या, आणि कपात बिस्किट बुडवलं. ते त्यात तुटून पडलं.

बुटांचं चक्र तोवर उलटं फिरलं होतं. पातळ तळव्यांची सद्दी संपली, जाड फेस आणि आत कार्बनची पट्टी असलेले बूट आले. विक्रम धडाधड पडायला लागले. त्या जमान्याच्या उंबरठ्यावरची, २०१५ ची बर्लिन मॅरेथॉन माझी लाडकी. एलियुड किपचोगे यांच्या दोन्ही बुटांतल्या आतल्या गाद्या निसटून कानांसारख्या बाहेर फडफडत होत्या. पाय सोलवटला, रक्त आलं. वेळ: २ तास ४ मिनिटं, पहिला क्रमांक. आणि २०२३ मध्ये डॉक्टरांनी कार्बनच्या बुटांत धावणाऱ्या पाच जणांची नोंद छापली, ज्यांच्या पावलाच्या माथ्यावरच्या नाविक्युलर हाडाला ताणाची दुखापत झाली होती. पाचच. त्यावरून सिद्धान्त होत नाही. पण मॅडमनी तो कागद फळ्यावर लावला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: नवीन पोस्टिंग.

माझं राहिलं. पोटऱ्या सुटल्यावर मी शहाण्यासारखा वागलो. दोन मिनिटं, मग तीन, मग पाच. सहा महिने. गुडघा खरंच निवला, आणि माझी अशी पक्की समजूत झाली की आपण आता तळव्याच्या मधल्या भागावर उतरतो. चारचौघांत तसं बोलायलाही लागलो होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी लॅब रिकामी होती. म्हटलं, अहवालासाठी स्वतःचं एक रेकॉर्डिंग करून ठेवू. कॅमेरे लावले, गोळ्या चिकटवल्या, छाती काढून ट्रेडमिलवर चढलो. पहिली दहा मिनिटं अंगाखाली हलकी पावलं पडत होती. छान चाललं होतं. मग मनात घरी जाताना भाजी काय न्यायची हा विचार शिरला.

पडद्यापलीकडे स्टूल करकरलं. मामा डब्याला फडकं गुंडाळत होते, बस चुकायची घाई होती.

"सर," ते बाहेरूनच म्हणाले, "टाच आली."